अतिरिक्त हवा

सहा वर्षं मी एका गृहस्थांच्या गाडीची मागची बाजू पाहत आलो आहे. डावा दिवा उजव्यापेक्षा किंचित फिका, नंबरप्लेटचा एक स्क्रू गायब, बंपरला खालच्या अंगाला पोचा. मला झोपेतून उठवून विचारलं तरी मी ती बाजू कागदावर काढून दाखवीन. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण बायकोकडेही मी इतक्या एकाग्रतेने कधी पाहिलं नाही, असं एकदा घरात बोलून गेलो. तेव्हापासून या छंदाला घरात सहानुभूती उरलेली नाही.

छंद असा. महिन्यातल्या एका रविवारी गावाबाहेरचा शर्यतीचा ट्रॅक आमच्यासारख्या हौशी लोकांना खुला असतो. आपापली गाडी न्यायची, हेल्मेट घालायचं, गोल गोल फिरायचं आणि घरी यायचं. शर्यत नाही, बक्षीस नाही, पहिला-दुसरा नाही. माझ्याकडे सतरा वर्षं जुनी, दोनच माणसांची, जमिनीला टेकलेली अशी एक स्पोर्ट्स कार आहे. ती माझ्याकडे कशी आली हा विषय घरात काढायचा नाही असं ठरलं आहे, म्हणून इथेही काढत नाही. ट्रॅकवरचा मुख्य नियम एकच. पुढच्याने खिडकीतून हात काढून ‘जा’ अशी खूण केल्याशिवाय मागच्याने त्याला ओलांडायचं नाही. तुमची गाडी कितीही वेगवान असो, आधी परवानगी. मी पाणीपुरवठा कार्यालयात अपूर्ण अर्ज परत पाठवण्याच्या टेबलावर एकोणीस वर्षं बसलेलो आहे. मला हा नियम पहिल्याच दिवशी मनापासून पटला.

आता ती परवानगी देण्याचंच काम माझ्या वाट्याला आलं, त्याला इलाज नाही. ट्रॅकवर दोन गट असतात, ‘वेगवान’ आणि ‘निवांत’. मी अर्थातच निवांत. तिथे लोक मुलांना शाळेत सोडायच्या गाड्या घेऊन येतात आणि त्यासुद्धा माझ्या मागे येऊन घुटमळायला लागतात. मग मी हात काढतो. त्या गटात माझ्यापेक्षा हळू असा एकच माणूस होता. भूगोल शिकवून निवृत्त झालेले मास्तर. त्यांची गाडी माझ्या गाडीहून जुनी, रंग दुधाळ चहाचा. वेळ पाळायची सवय असल्यामुळे रांगेत ते नेहमी पहिले असायचे. वळणांवर मी त्यांना गाठायचो, अगदी बंपरला बंपर. सरळ रस्ता आला की माझं इंजिन धापा टाकायला लागायचं आणि मी पुन्हा मागे.

मास्तर इतर सगळ्यांना हात द्यायचे. वर्गातल्या पोराला पाणी प्यायला जाऊ द्यावं तसा सहज, प्रेमळ हात. मला मात्र नाही. एकदाही नाही. सहा वर्षं, दर महिन्याला एक रविवार, दर रविवारी चार फेऱ्यांचे चार डाव. तुम्ही गुणाकार करा, मी केलेला आहे. ट्रॅकच्या बाहेर आमचं उत्तम होतं. ते थर्मासमधला चहा मला द्यायचे, मी त्यांना बिस्किटं द्यायचो, हवापाण्याच्या गप्पा व्हायच्या. पण ‘मास्तर, तुम्ही मला हात का देत नाही हो?’ हे काही माझ्या तोंडून निघेना. बावन्न वर्षांच्या माणसाला ते शोभत नाही. मी आतल्या आत कुढत राहिलो आणि बिस्किटं पुढे करत राहिलो.

आणि एका रविवारी मास्तर चहा ओतता ओतता म्हणाले, “आता तीन महिने. मग बंद. मुलीकडे राहायला जातोय. गाडीला गिऱ्हाईक बघायला सांगितलंय.”

मी “अरे वा” म्हणालो. काय म्हणायचं हे सुचलं नाही की मी अरे वा म्हणतो. एकदा एका अंत्यविधीलाही म्हणालो आहे. पण मनातल्या मनात हिशोब केला. तीन महिन्यांत मास्तरांनी मला हात दिला नाही तर तो मला जन्मात मिळणार नव्हता, आणि ज्याला मास्तरांनीही पुढे जाऊ दिलं नाही असा मी जगातला एकमेव माणूस ठरणार होतो.

ही गोष्ट मी मेहुण्याला सांगितली, हे चुकलंच. त्याने पाय लांब केले आणि निदान केलं. “भाऊजी, म्हातारा हात कशाला देईल? सरळ रस्त्यावर तुम्ही त्याच्या जवळ असताच कुठे? गाडीला दम नाही. सुपरचार्जर बसवा.”

सुपरचार्जर म्हणजे काय ते सांगतो. पुढचे तीन महिने मला ते सगळ्यांनाच सांगावं लागलं, त्यात तुमचाही नंबर लागू द्या. इंजिन बिचारं आपल्या मगदुराप्रमाणे श्वास घेत असतं. सुपरचार्जर हा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा एक पंप, तो इंजिनाच्या तोंडात जबरदस्तीने हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. हे मी बायकोला समजावलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे त्याला नको असताना भरवायचं. माझ्या सासूबाई करायच्या तसं.”

वस्तू सेकंडहँड आणि परदेशातून आली. खोकं दारातून आत येईना, म्हणून ते जिन्यातच उघडलं आणि आतला माल हातांनी उचलून आणला. तो ठेवायला जागा एकच होती, न्हाणीघरासमोर. आठ दिवस बायकोने त्यावर धुण्याची बादली ठेवली. मी कळवळून म्हणालो, “अगं, तो नाजूक आहे.” ती म्हणाली, “मग गाडीत कसा टिकणार?” हा प्रश्न खरं तर मला तेव्हाच कुठेतरी लागायला हवा होता.

आमच्या मेकॅनिकला सगळे ‘होऊनजाईल’ म्हणतात, कारण त्याचं कशालाही उत्तर तेच असतं. त्याने वस्तू टेबलावर ठेवली, चारही बाजूंनी पाहिली, मग बॉनेट उघडून आत पाहिलं, मग पुन्हा वस्तूकडे. मग त्याने हात पुसले. मेकॅनिकने काम सुरू करायच्या आधी हात पुसले की समजावं, बातमी वाईट आहे.

“साहेब, गाडी हीच. पण हा ज्या देशातला आहे तिथे स्टीअरिंग दुसऱ्या बाजूला असतं.”

“मग?”

“मग हा जिथे बसणार तिथे तुमची ब्रेकच्या तेलाची बाटली आहे.”

“आता काय करायचं?”

“बाटली हलवू. होऊन जाईल.”

बाटली जिथे हलवायची, तिथे बॅटरी होती. बॅटरी हलवली, तर ती सामानाच्या डिकीत गेली, आणि माझा जॅक, पाना, हेल्मेट आणि सुटं चाक यांना त्या गाडीत जागा उरली नाही. शेवटी सगळं बसलं आणि बॉनेट बसेना. चार बोटं वर राहिलं. होऊनजाईल त्यावर बसला, मग मीही बसलो. आम्ही दोघं काही वेळ तसेच शेजारी शेजारी बसून रस्त्याकडे पाहत राहिलो. मग तो उतरला आणि म्हणाला, “भोक पाडावं लागेल.”

भोक पाडलं आणि त्यावर पत्र्याच्या टाक्या बनवणाऱ्या कारागिराकडून एक टेंगूळ करून घेतलं. तो कारागीर कामाला चोख. पण त्याच्या हाताला टाकीचीच सवय, त्यामुळे टेंगळाला त्याने सवयीने एक झाकणही केलं. ते उघडतं. का उघडतं ते मी त्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “आत साफ कशी करणार?”

आमच्या इमारतीत या काळात माझ्याविषयी आस्था एकदम वाढली. वरच्या मजल्यावरचे काका, ज्यांनी तक्रार करून करून सात वर्षांपूर्वी मला बाजारातला सगळ्यात मुका सायलेन्सर बसवायला लावला होता, ते रोज खाली येऊन टेंगळावर टकटक करायचे. त्या सायलेन्सरमुळे माझी गाडी इतकी शांत झाली होती की बायको एकदा आत बसून पाच मिनिटांनी म्हणाली, “चालू कधी करताय?” तेव्हा आम्ही भाजीमंडईपर्यंत पोचलो होतो. काका म्हणाले, “मी सांगतो तुम्हाला, हे टिकायचं नाही.” तळमजल्यावरचे दंतवैद्य म्हणाले, “काढून टाका. दुखण्याआधी काढलेलं बरं.” त्यांच्या पत्नीने सांगितलं की त्यांच्या आत्याचे यजमान अशाच एका छंदात गेले. कोणत्या, ते विचारल्यावर म्हणाल्या, पतंग.

पहिल्यांदा सुरू केली तेव्हा इंजिन शांतच होतं, पण सुपरचार्जर किंचाळला. मिक्सरमध्ये सुकं खोबरं घातल्यावर होतो तसा आवाज, आणि तो पायाबरोबर चढत जायचा. काका गॅलरीत आले. मी त्यांना हात केला. त्यांनी मला केला नाही. तिसऱ्या दिवशी चौकात पट्टा सुटला, टेंगळाचं झाकण उघडून बाहेर आला आणि शेजारच्या रिक्षात एका बाईंच्या मांडीवर पडला. बाई सज्जन होत्या, त्यांनी तो घडी करून परत दिला. होऊनजाईलने पट्टा जरा सैलच ठेवला. “ताण कमी, ताकद थोडी कमी, पण सुटणार नाही,” म्हणाला. थोडी म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. ऐकायची तयारी नव्हती.

आता उरली होती वाहन कार्यालयाची मंजुरी. ती कुणी घेत नाही, असं मला मेहुण्याने, होऊनजाईलने आणि त्या कार्यालयाच्या दारातल्या शिपायाने सांगितलं. पण मी अर्जांवर जगलेला माणूस आहे. मी रीतसर अर्ज केला. ‘बदलाचा प्रकार’ या रकान्यात रंग, आसनं, इंधन आणि इतर असे चार पर्याय होते. मी ‘इतर’वर खूण केली.

“इतर म्हणजे काय ते लिहा,” असा शेरा मारून अर्ज परत आला. हेच वाक्य मी एकोणीस वर्षं लोकांना लिहीत आलो आहे. ते इतकं कोरडं असतं हे मला माहीत नव्हतं. मी पुढच्या आठवड्यात तपासनीसांसमोर जाऊन उभा राहिलो.

“काय बसवलंय?”

“सुपरचार्जर.”

“चार्जरला परवानगी लागत नाही. आतल्या सॉकेटला लावा.”

“तो नाही. हा इंजिनाला जास्त हवा देतो.”

“हवेची टाकी आहे?”

“टाकी नाही.”

“मग हवा कुठून येते?”

“बाहेरून. नेहमीचीच हवा, फक्त जास्त.”

तपासनीस बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. समोरचा माणूस खोटं बोलत नाहीये पण रकान्यातही बसत नाहीये, असं वाटलं की मीही असाच पाहतो. मग त्यांनी शांतपणे दाखला लिहिला: ‘सदर वाहनास अतिरिक्त हवा जोडली आहे.’ खाली सही, शिक्का. मी त्याच्या तीन प्रती काढल्या. त्या दिवशी मी खूश होतो, हे कबूल करतो. या सबंध प्रकरणात मी खूश होतो असा तो एकच दिवस.

मास्तरांचा शेवटचा रविवार उजाडला. मी सकाळी सातलाच ट्रॅकच्या टेबलापाशी हजर. तिथल्या बाई इतकी वर्षं माझा अर्ज न बघता शिक्का मारायच्या. या खेपेला अर्जाला टाचण्या लावलेले चार कागद होते. शेवटून दुसऱ्या रकान्यात छापलं होतं: ‘इंजिनात फेरबदल, असल्यास, व एकूण अश्वशक्ती.’ रिकामा रकाना मला बघवत नाही. मी फेरबदल लिहिला, आणि अश्वशक्तीसाठी सुपरचार्जरच्या खोक्यावर छापलेला आकडा लिहिला, दाखल्याची प्रत जोडून.

बाईंनी चष्मा वर केला. “अहो, हा रकाना कुणीच भरत नाही.”

“मग ठेवलाय कशाला?”

“ठेवलाय. पण तुम्ही भरलात म्हणजे मला वाचावा लागतो.” त्यांनी वाचला. “एवढ्या ताकदीची गाडी निवांतमध्ये चालत नाही. वेगवान गट.”

दोन्ही गट कधीही एकत्र ट्रॅकवर नसतात. एक आत असला की दुसरा बाहेर. म्हणजे मास्तर आत असतील तेव्हा मी कठड्याबाहेर उभा राहून बघणार.

“बाई, मी हळू आहे हो. कुणालाही विचारा.”

“कागदावर नाही आहात.”

“तो आकडा खोक्यावरचा आहे. पट्टा सैल आहे. मी खोडतो.”

“खाडाखोड केलेला अर्ज मला परत करावा लागतो. परत केलेला अर्ज पुढच्या महिन्यात घेतात.”

त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. त्यांच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं, वर दोन ओळींचा शेराही मारला असता. मी “ठीक आहे” म्हणालो आणि वेगवान गटाची पिवळी पट्टी मनगटाला बांधून घेतली.

वेगवान गटात काय झालं ते थोडक्यात सांगतो. रांगेतून निघाल्यावर पहिल्याच वळणाआधी मी हात काढला आणि वीस मिनिटांनी डाव संपल्यावर आत घेतला. मधल्या काळात तो आत आलाच नाही. तिथल्या गाड्या मागे घुटमळत नाहीत, येतात आणि जातात. काही जण मला तीन-तीनदा ओलांडून गेले आणि दरवेळी मी नव्याने परवानगी दिली. सुपरचार्जर बोंबलत होता, टेंगळाचं झाकण उडत होतं, आणि मी सहा वर्षांत प्रथमच ज्याला गाठायची काही आशा नाही अशा लोकांमागे एकटा जात होतो. निवांत गटात निदान समोर दुधाळ चहाच्या रंगाचा एक बंपर असायचा.

दुपारी मी गाडीच्या सावलीत बसून एकटाच बिस्किटं खात होतो. वेगवान गटातले लोक टायरच्या तापमानाविषयी बोलत होते. तेवढ्यात मास्तर थर्मास घेऊन मला शोधत आले.

“दिसला नाहीत आज. आणि हे काय, टाकी बसवलीत?”

मी सगळं सांगितलं. त्यांच्यासाठी बसवला हे सोडून. मास्तरांनी टेंगळाचं झाकण उघडून आत पाहिलं, पुन्हा लावलं. मग चहा दिला आणि म्हणाले, “माझा शेवटचा डाव आहे आता. शेजारी बसायला परवानगी असते. येता का? एकट्याने शेवटचं फिरायचं, जरा नको वाटतंय.”

ज्या गाडीच्या मागे जन्म गेला तिच्या आत मी पहिल्यांदा बसलो. आत सगळं कमालीचं स्वच्छ होतं. मास्तर दोन्ही हातांनी चाक धरून, पाठ ताठ ठेवून चालवत होते. थोड्या वेळाने मागून मोठा आवाज आला, मास्तरांनी लगेच हात काढला, एक लाल गाडी पुढे गेली. पुन्हा आवाज, पुन्हा हात. इतक्या उदारपणे वाटला जाणारा तो हात मी शेजारून बघत होतो. दुसऱ्या फेरीला मला राहवेना.

“मास्तर, एक विचारू? राग मानू नका.”

“विचारा की.”

“सहा वर्षांत तुम्ही मला एकदाही हात दिला नाहीत.”

“तुम्हाला?” मास्तर म्हणाले. “पण तुम्ही कुठे असायचात?”

“तुमच्या मागे.”

मास्तरांनी वळण घेतलं. नीट, सावकाश, वहीत रेघ मारावी तसं. मग म्हणाले, “मला वाटायचं तुम्ही कधीच पुढे गेलात. इतक्या जणांना हात देतो, त्यात तुम्हीही गेला असणार असं मी धरून चाललो.”

“पण मागे दिसत होतो की!”

तेव्हा माझं लक्ष वर गेलं. काचेवरचा आरसा छताकडे वळवलेला होता. त्यात फक्त छताचं कापड दिसत होतं.

“पहिल्या दिवशी इथल्या शिकवणाऱ्याने सांगितलं,” मास्तर म्हणाले, “‘आजोबा, मागे बघत बसू नका, तुमच्या मागे कुणी नसणार.’ खरंच होतं. म्हणून वर करून टाकला, बाजूचे मिटून ठेवले. आवाज आला की हात काढायचा, एवढंच ठेवलं. तुमच्या गाडीचा आवाज कधी आलाच नाही हो.”

मला काकांची आठवण झाली आणि त्या सायलेन्सरची, आणि कुणावर तरी चिडावं असं वाटलं, पण चिडण्यासारखं कुणीच समोर नव्हतं. चहा पिताना एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. ते न बोलण्यासाठी मी गाडीला भोक पाडलं होतं.

“मुलीचं निमित्त आहे,” मास्तर थोड्या वेळाने म्हणाले. ते रस्त्याकडेच पाहत होते. “ती काही बोलावत नव्हती, मीच येतो म्हणालो. शेवटचा असण्याचं मला काही नाही. कुणीतरी शेवटचा असतोच. पण दर वेळी सगळे निघून जातात, आणि मग आपण एवढी सगळी वळणं एकट्यानेच घ्यायची. चांगलं घेतलं काय नि वाईट घेतलं काय, बघायला मागे कुणी नाही. याचाच कंटाळा आला.”

“मी होतो मास्तर.”

“सगळ्या वेळी?”

“एकही रविवार चुकवला नाही. तुमचा डावा दिवा फिका आहे.”

मास्तर हसले नाहीत. सरळ रस्ता आला, शेवटची फेरी होती. पुढच्या गाड्या केव्हाच दिसेनाशा झाल्या होत्या आणि आवाज कुठूनच येत नव्हता. मास्तरांनी डाव्या हाताने वरचा आरसा धरला आणि हळूहळू खाली वळवला. पुन्हा थोडा, पुन्हा थोडा, मागची काच पूर्ण दिसेपर्यंत. आणि ते त्यात पाहत राहिले.

मीही मान वळवून मागे पाहिलं. लांबपर्यंत रस्ता रिकामा होता. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो.